गणकयंत्राविना गणित : नवोदय प्रवेश परीक्षेची तयारी आणि वर्गातील तोंडी काम

इयत्ता पाचवीत शिकणाऱ्या ग्रामीण मुलामुलींच्या दृष्टीने जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा ही मोठ्या महत्त्वाची बाब आहे. १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर व महाराष्ट्रातील अमरावती येथे प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली ही निवासी विद्यालये आता देशाच्या बहुतेक जिल्ह्यांत आहेत. सहावीपासून बारावीपर्यंत राहण्याची, जेवणाची व शिक्षणाची सोय तेथे होते. निदान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात. मात्र एका विद्यालयात सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात आणि ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. साहजिकच पाचवीच्या शिक्षकावर पालकांच्या अपेक्षेचा भार पडतो, आणि त्या भाराखाली तयारीची दिशा चुकण्याचाही संभव असतो.

ही दिशा कोणती असावी, विशेषतः अंकगणिताच्या बाबतीत, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. परीक्षेचे स्वरूप काय सांगते?

परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्नांची व १०० गुणांची असते. बौद्धिक क्षमता चाचणीचे ४० प्रश्न, अंकगणिताचे २० व भाषेचे २० अशी त्यांची विभागणी असते. अंकगणिताच्या २० प्रश्नांना २५ गुण व ३० मिनिटे दिलेली आहेत; म्हणजे एका प्रश्नास सरासरी दीड मिनिट मिळते. प्रत्येक प्रश्नास चार पर्याय असतात व चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा होत नाहीत. (वर्षाच्या माहितीपुस्तिकेशी हे तपशील शिक्षकाने ताडून पाहावेत.) परीक्षागृहात गणकयंत्र, अर्थात मुलांच्या बोलण्यातला कॅल्क्युलेटर, नेण्यास परवानगी नाही.

हा निर्बंध केवळ या परीक्षेपुरता नाही. पुढे अभियांत्रिकी शिक्षणाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या जेईई मेन परीक्षेतही गणकयंत्र वापरता येत नाही. दहा वर्षांच्या मुलास आज लागणारी सवय त्यास आणखी सात-आठ वर्षांनीही उपयोगी पडणार आहे.

आता दीड मिनिटाचा अर्थ पाहावा. प्रश्न वाचणे, समजणे, आकडेमोड करणे, पर्याय पडताळणे व उत्तरपत्रिकेवरील वर्तुळ काळजीपूर्वक भरणे हे सर्व एवढ्या वेळात व्हावयाचे आहे. ज्या मुलास ‘सात आठी किती?’ असे विचारताच ‘सात एके सात’ पासून पाढा म्हणावा लागतो, त्याचा वेळ पाढ्यातच संपतो. त्याची बुद्धी कमी आहे असे नव्हे. त्याचे हत्यार बोथट आहे एवढेच.

२. गणकयंत्राच्या जागी काय?

घरोघरी भ्रमणध्वनी आहे व प्रत्येक भ्रमणध्वनीत गणकयंत्र आहे. दुकानातला हिशेबही बोटाच्या टोकाने होतो. अशा परिस्थितीत मुलाकडून यंत्र काढून घेतले व त्याच्या हाती कागद-पेन्सिल दिली, तर ते केवळ मंद गतीचे यंत्र होते. लांबलचक उभी मांडणी करून प्रत्येक उदाहरण सोडविणारे मूल वेळेत पोहोचत नाही.

यंत्राच्या जागी मुलाजवळ तीन गोष्टी हव्यात : पाठ असलेली संख्यातथ्ये, संख्येचे रूप सोयीप्रमाणे बदलण्याची हातोटी, आणि उत्तर साधारण केवढे यावे याचा अदमास. या तीन गोष्टी परीक्षेपूर्वीच्या दोन महिन्यांत येत नाहीत. त्या दुसरी-तिसरीपासून रोज थोड्या थोड्या मुरवाव्या लागतात, आणि म्हणूनच त्या निवडक चार मुलांपुरत्या ठेवता येत नाहीत. हाच या पाठाचा मुख्य मुद्दा होय.

३. मराठी संख्यानामांतील गणित

गणिताचे काही मार्ग मुलाच्या बोलीतच तयार आहेत. ‘एकोणपन्नास’ या शब्दाचा अर्थ एकाने ऊन, म्हणजे एकाने कमी, असे पन्नास. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणसत्तर व एकोणऐंशी या सर्व शब्दांत ही वजाबाकी दडलेली आहे. पुढील प्रश्नोत्तरे वर्गात सहज घेता येतील.

शिक्षक : एकोणपन्नास म्हणजे पन्नासाला किती कमी?
विद्यार्थी : एक कमी.
शिक्षक : पन्नास रुपयांच्या सहा वह्या घेतल्या, तर किती रुपये?
विद्यार्थी : तीनशे.
शिक्षक : वही एकोणपन्नास रुपयांची असेल तर?
विद्यार्थी : प्रत्येक वहीमागे एक रुपया कमी. सहा वह्यांमागे सहा कमी. दोनशे चौऱ्याण्णव.

येथे ४९ × ६ हे उदाहरण पाटीवर न मांडता सुटले. हीच रीत पुढे ३९८ × २५ साठी लागू होते : ४०० × २५ = १०,०००; त्यातून २ × २५ = ५० वजा; उत्तर ९,९५०.

त्याचप्रमाणे पाऊणशे, सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे हे शब्द बाजारात अजून ऐकू येतात. ‘पावणेदोनशेचे चारपट किती?’ असे विचारले असता, दोनशेचे चारपट आठशे व त्यातून चार पाव-शेकडे, म्हणजे शंभर, कमी; म्हणून सातशे, असे मूल तोंडी सांगू शकते. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी पाठ करून घेत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी प्रचारात आली. त्यानंतर वजनमापेही दशमान झाली आणि हे अपूर्णांकांचे पाढे मागे पडले. ते सर्व पुन्हा घोकून घ्यावेत असे नाही. परंतु पावकी, निमकी व पाऊणकी निदान वीसपर्यंत आली, तर चौथीतील अपूर्णांक व पाचवीतील शेकडेवारी यांची अर्धी वाट आधीच चालून होते. ‘३६ चे २५ टक्के’ आणि ‘छत्तिसाचा पाव’ हे एकच, हे ज्याला ठाऊक आहे त्यास कागद लागत नाही.

४. संख्येचे रूप बदलण्याच्या काही रीती

(अ) दुप्पट-निमपट : एका संख्येची दुप्पट व दुसरीची निमपट केली असता गुणाकार बदलत नाही. ४५ मीटर लांब व २८ मीटर रुंद शेताचे क्षेत्रफळ काढताना ४५ × २८ = ९० × १४ = १,२६० चौरस मीटर. नव्वदाने गुणणे पंचेचाळिसाने गुणण्यापेक्षा सोपे आहे.

(आ) पंचवीस व सव्वाशे : २५ हा शंभराचा पाव व १२५ हा हजाराचा आठवा भाग. म्हणून ३६ × २५ = ९ × १०० = ९००; आणि ४८ × १२५ = ६ × १,००० = ६,०००.

(इ) समान फरक : दोन्ही संख्यांतून सारखीच संख्या कमी केली तर वजाबाकीचे उत्तर तेच राहते. ४,००३ − १,८६७ यात शून्यांमुळे उसने घेताना मुले अडखळतात. दोहोंतून ४ कमी केल्यास ३,९९९ − १,८६३ असे होते. एकदाही उसने न घेता २,१३६ हे उत्तर मिळते.

(ई) दशांशांचा भागाकार : ४.८ ÷ ०.१६ याची उत्तरे ०.३, ३, ३० व ३०० अशी दिली असता पुष्कळ मुले दशांशचिन्हाच्या जागेवरून गोंधळतात. दोन्ही संख्यांस १०० ने गुणावे : ४८० ÷ १६ = ३०. तोंडी विचार असाही होतो : ०.१६ ची दहापट १.६, १.६ ची तिप्पट ४.८, म्हणून तीस वेळा.

(उ) अर्ध्याशी तुलना : ५/८, ३/५ व ४/७ यांत मोठा अपूर्णांक कोणता? तिन्हींचे छेद समान करण्यापूर्वी प्रत्येकाची अर्ध्याशी तुलना करावी. ५/८ हा अर्ध्याहून १/८ ने अधिक, ३/५ हा १/१० ने अधिक व ४/७ हा १/१४ ने अधिक. या तीन अधिक भागांत १/८ मोठा. म्हणून ५/८ हा सर्वांत मोठा.

यांपैकी कोणतीही रीत ‘क्लृप्ती’ म्हणून सांगू नये. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांत अशा क्लृप्त्यांची रेलचेल असते. ती मुलाने कारणावाचून पाठ केली, की उदाहरणाचे रूप थोडे बदलताच ती निरुपयोगी होते. दुप्पट-निमपट का चालते हे मण्यांच्या किंवा चिंचोक्यांच्या ओळी मांडून दाखवावे : चार ओळींत सहा सहा मणी मांडले, मग त्यातील दोन ओळी उचलून उरलेल्या दोन ओळींच्या पुढे लावल्या, तर दोन ओळींत बारा बारा मणी होतात, एकही मणी वाढला नाही वा कमी झाला नाही. हे डोळ्यांनी पाहिलेले मूल रीत विसरले तरी पुन्हा शोधून काढते.

५. अदमास व पडताळा

पर्यायी प्रश्नांत अदमासाचे महत्त्व मोठे आहे. ३४७ × २८ या गुणाकारासाठी ९,७१६, ९,७६१, ८,७१६ व ९७,१६० असे पर्याय दिले आहेत असे समजू. एकक स्थानी ७ × ८ = ५६, म्हणून उत्तराच्या शेवटी ६ असला पाहिजे किंवा चूक आहे हे आधी पाहावे; त्यामुळे ९,७६१ व ९७,१६० हे दोन्ही बाद होतात. आता ३५० × २८ = ९,८००. आपण ३ × २८ = ८४ अधिक धरले. म्हणून उत्तर ९,७१६. उभी मांडणी न करता उत्तर मिळाले, आणि ते तर्काने मिळाले, नशिबाने नव्हे.

नऊचा पडताळाही मुलांस आवडतो. ३४७ मधील अंकांची बेरीज १४ व पुन्हा ५. २८ ची १० व पुन्हा १. दोहोंचा गुणाकार ५. उत्तर ९,७१६ याच्या अंकांची बेरीज २३ व पुन्हा ५. पडताळा जुळला. परंतु अंकांची अदलाबदल होऊन ९,७६१ लिहिले गेले तरीही हा पडताळा जुळतोच. म्हणून त्याच्या जोडीस एककाचा अंक व अदमास हे दोन्ही वापरण्याची सवय लावावी. एका पडताळ्यावर विसंबू नये, हा धडाही गणिताचाच आहे.

६. चुकीचे उत्तर वाचावयास शिकणे

मुलाचे चुकलेले उत्तर खोडून बरोबर उत्तर लिहून देणे सोपे. परंतु चूक कोठून आली हे पाहिल्यावाचून ती जात नाही. वारंवार आढळणाऱ्या चार चुका येथे दिल्या आहेत.

पहिली : ६,०३६ ÷ ६ याचे उत्तर १०६ किंवा १६. भागाकारात शून्य लिहावयाचे राहून गेले. भागाकाराची रीत पुन्हा घोटून घेण्याआधी मुलास विचारावे, ‘सहा हजारांचे सहा वाटे केले तर एका वाट्यास किती?’ हजार हे उत्तर येताच १०६ असंभवनीय आहे हे त्यास आपोआप कळते. बरोबर उत्तर १,००६.

दुसरी : ०.२५ हे ०.३ पेक्षा मोठे, कारण २५ हे ३ पेक्षा मोठे. येथे मूल दशांशचिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येप्रमाणे वाचीत आहे. रुपयाचे पैशांत रूपांतर करून दाखवावे : पंचवीस पैसे व तीस पैसे.

तिसरी : १/२ + १/३ = २/५. अंशात अंश व छेदात छेद मिळविला. मुलास २/५ व १/२ यांची तुलना करावयास सांगावे. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा मिळविला आणि भाकरी अर्ध्याहून कमी झाली, हे मूल स्वतःच मान्य करणार नाही. बरोबर उत्तर ५/६.

चौथी : एसटी सकाळी ९.४५ ला सुटून दुपारी १.२० ला पोहोचते; प्रवासास किती वेळ लागला? १३.२० मधून ९.४५ वजा करून मूल ३.७५ लिहिते. गणकयंत्रही हेच उत्तर दाखवील, कारण तास साठ मिनिटांचा असतो हे यंत्रास ठाऊक नाही. ९.४५ ते १० पंधरा मिनिटे, १० ते १ तीन तास, १ ते १.२० वीस मिनिटे. एकूण ३ तास ३५ मिनिटे. आकडे कशाचे आहेत हे यंत्राला सांगावे लागते, मुलाने ते ओळखावयाचे असते. हे उदाहरण वर्गात आवर्जून घ्यावे.

शिक्षकाने एक लहान वही ठेवून प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याच्या चुकीचा प्रकार टिपावा. महिन्याअखेर तीच वही पुढील महिन्याच्या कामाची योजना ठरते.

७. रोजची दहा मिनिटे

तोंडी गणितासाठी शाळेच्या सुरुवातीची दहा मिनिटे राखून ठेवावीत. आठवड्याची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल.

सोमवार : दहा, शंभर व हजार यांच्या पूरक संख्या. (३७ मध्ये किती मिळविले म्हणजे शंभर?)
मंगळवार : पाढे दोन्ही दिशांनी. (सात आठी किती? आणि छप्पन्न म्हणजे कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार?)
बुधवार : दुप्पट, निमपट, २५ व १२५ ने गुणणे.
गुरुवार : पाव, अर्धा, पाऊण, दशांश व शेकडेवारी. (६४० चे १५ टक्के : दहा टक्के ६४, त्याचे निम्मे ३२, एकूण ९६.)
शुक्रवार : लांबी, वजन, धारकता, वेळ व पैसे.
शनिवार : पंधरा मिनिटांत दहा पर्यायी प्रश्न लेखी व लगेच चर्चा.

द्विशिक्षकी शाळेत स्वतंत्र वर्ग घेणे शक्य नसते. तेथे तिसरी ते पाचवी एकत्र बसवून एकाच संख्येवर निरनिराळ्या पातळीचे प्रश्न विचारावेत. फळ्यावर ३६ लिहावे. तिसरीने शंभरास किती कमी ते सांगावे (६४). चौथीने २५ ने गुणावे (९००). पाचवीने ३६ चे सर्व विभाजक सांगावेत (१, २, ३, ४, ६, ९, १२, १८, ३६) व ३.६ ला ०.०४ ने भागावे (९०). लहान मुले मोठ्यांचे प्रश्न ऐकतात. पुढील वर्षीचे शिक्षण त्यांच्या कानावर आधीच पडते.

उत्तर मिळाल्यावर ‘कसे काढलेस?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. एकाच उदाहरणाच्या दोन-तीन रीती वर्गासमोर येऊ द्याव्यात. सर्वांत आधी हात वर करणाऱ्याचेच उत्तर घेत गेल्यास संथ मुले विचार करणे सोडून देतात. त्याऐवजी सर्वांनी उत्तर पाटीवर लिहून एकदम पाटी वर करावी. कोणास काय येत नाही हे शिक्षकास क्षणात दिसते.

८. निवडक मुले आणि उरलेला वर्ग

परीक्षा जवळ येताच हुशार वाटणारी तीन-चार मुले वेगळी बसविण्याची प्रथा काही शाळांत पडते. जादा वेळ देण्यास हरकत नाही. परंतु तो शाळेच्या वेळाबाहेर द्यावा. मुख्य वेळेत वर्ग स्वाध्यायावर सोडून निवडक मुलांची तयारी करणे हे उरलेल्या मुलांवर अन्याय करणारे आहे. विद्यालयात जागा थोड्याच. जिल्ह्यातून परीक्षा देणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुले सहावीत गावच्याच किंवा शेजारच्या शाळेत जाणार, हे आधीपासून उघड आहे. तयारी अशी हवी की निवड झाली नाही तरी मुलाने घालविलेले वर्ष वाया जाऊ नये. ज्याला उधारीचा हिशेब, बियाण्याचे प्रमाण, प्रवासाचा वेळ व कर्जावरील व्याज तोंडी अजमावता येते, त्याच्या पदरात परीक्षेच्या निकालाहून अधिक टिकाऊ वस्तू पडलेली असते.

शिवणीच्या पैशांची ऐपत नसलेल्या घरातील मुलास तर वर्गातील ही दहा मिनिटे हाच एकमेव आधार आहे. ती बुडाली, तर त्याची भरपाई अन्यत्र कोठेही होत नाही.

पालकांशी बोलताना शिक्षकाने एक गोष्ट स्पष्ट सांगावी : निवड न होणे म्हणजे मूल नापास होणे नव्हे. निकालानंतर अशा मुलास वर्गात तोंडी गणिताचा गटप्रमुख करावे, त्याच्याकडून लहान वर्गाचे प्रश्न काढून घ्यावेत. त्याचा आत्मविश्वास राखणे हेही शिक्षकाचेच काम आहे.

९. परीक्षेपूर्वीचा महिना

या काळात नवीन भाग शिकवू नये. आठवड्यातून एकदा पूर्ण दोन तासांची सराव परीक्षा घ्यावी. मुलास पुढील गोष्टींची सवय लावावी : न सुटणाऱ्या प्रश्नावर खूण करून पुढे जाणे, कच्चे काम नीट ओळीने करणे, म्हणजे आपलाच अंक आपणास वाचता येतो, प्रश्नाचा क्रमांक व वर्तुळाचा क्रमांक दर वेळी ताडून पाहणे, आणि चुकीबद्दल गुण जात नसल्याने शेवटी एकही प्रश्न कोरा न ठेवणे. ज्या मुलाने अदमासाने दोन पर्याय बाद केले आहेत, त्याचे उरलेल्या दोहोंतील निवडणेही डोळसपणाचे असते.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील किती मुलांस १० × १० पर्यंतचे पाढे दोन्ही दिशांनी, न थांबता सांगता येतात? प्रत्यक्ष मोजून आकडा आणावा.
२. ‘समान फरक’ ही रीत चौथीच्या मुलांस कोणत्या साधनाने समजावून द्याल?
३. ५६ × ७५ या गुणाकाराच्या निदान तीन तोंडी रीती मुलांकडून काढून घ्या व त्या परिषदेत मांडा. (उत्तर : ४,२००)
४. मागील महिन्यात आपल्या वहीत टिपलेली सर्वाधिक आढळणारी चूक कोणती? ती कोणत्या प्रश्नाने उघडकीस आली व कोणत्या प्रश्नाने दूर झाली?